‘जागतिक व्यवस्था अराजक आहे’ : इथे ‘अराजक’ म्हणजे नेमकं काय?

आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या एका लेखात हे वाक्य आलं. अराजक माजलं की व्यवस्था कोलमडते, मग व्यवस्थाच अराजक कशी? ‘विस्कळीत’ म्हणायचं असावं का?

प्रतिसाद १
‘विस्कळीत’ घातलंत तर मुद्दाच हरवेल. इथे शब्द मुळाबरहुकूम घ्यायचा : अ-राजक, राजा नसलेलं. राष्ट्रांच्या वर हुकूम चालवणारं कुणी नाही, इतकंच. १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा या देशाने भरलेल्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. अमेरिकेने तो मानला नाही आणि निकाल पाळण्याचं आवाहन करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा नकाराधिकार वापरून तो पाडला. कायदा होता, न्यायालय होतं, निकालही लागला होता. तो बजावायला बेलीफ मात्र नव्हता. अभ्यासक अराजक म्हणतात ते याला.

प्रतिसाद २
अगदी बरोबर. आणि या एका शब्दापाशीच सगळे सिद्धांत वेगळे होतात. वास्तववाद्यांच्या मते, संकटात धावून येणारं कुणी नसल्याने प्रत्येक राष्ट्राला आपली ताकद आपणच राखावी लागते. राष्ट्रं एकमेकांची ताकद तोलून धरतात त्या सत्तासमतोलाचा उलगडा केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये असाच केला. उदारमतवादी म्हणतात, राजा नसला तरी करारमदार होतात, संस्था उभ्या राहतात. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने १९५१ मध्ये कोळसा-पोलाद सामायिक यंत्रणेखाली आणायचा करार केला, तो युद्धानंतर जेमतेम सहा वर्षांनी!
मला सर्वांत पटतात ते रचनावादी. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये मांडलं की अराजकाला स्वतःचा स्वभाव नाही, राष्ट्रं त्याला जसं घडवतील तसं ते होतं. ब्रिटनच्या अण्वस्त्रांची अमेरिकेला धास्ती वाटत नाही, उत्तर कोरियाच्या मूठभर अण्वस्त्रांची वाटते. हा फरक नुसत्या ताकदीच्या हिशोबात बसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
मग ‘मात्स्यन्याय’ (मोठा मासा लहान माशाला गिळतो तो न्याय) चालेल?

प्रतिसाद २
वास्तववादाबद्दल लिहिताना चालेल, पण जपून. जुन्या ग्रंथांत मात्स्यन्यायावर उतारा म्हणून राजा येतो. वास्तववादात तो येतच नाही. शिवाय त्यात मोठा लहानाला गिळणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि वाद नेमका त्यावरच आहे.

प्रतिसाद १
‘अराजकवाद’ही टाळा. सरकारच नको म्हणणारी ती वेगळी विचारसरणी. लेख सर्वसाधारण वाचकांसाठी असेल तर पहिल्यांदा ‘सर्वोच्च सत्ता नसलेली व्यवस्था’ असं फोडून लिहावं, पुढे खुशाल ‘अराजक’ वापरावं.