गोळ्यांच्या जोडीला एखादा अर्क: गुडमार, कारलं की आणखी काही?

पाणपोई:
नमस्कार मंडळी. आईचं वय ६१, शुगर चार वर्षांपासून. मागचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी) ७.६ आलं. मेटफॉर्मिन दोन वेळा आहेच, गेल्या महिन्यापासून सकाळी ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सुरू झालंय. गोळ्या वाढत चालल्याची तिला धास्ती बसलीय, म्हणून झाडपाल्याचं काहीतरी दे असा लकडा लावलाय. माझ्या अटी तीन: एकच वस्तू हवी, खर्च बेताचा हवा, आणि सकाळच्या घाईत रस काढत बसणं मला जमणार नाही. गोळ्या बंद करणार नाही, हे आधीच सांगते.

रानजाई:
कारल्याचा रस, डोळे झाकून. बिया काढून ताजा, अर्धी वाटी, उपाशीपोटी. मी सहा वर्षं घेतेय आणि माझी शुगर बघून घरचे सगळे चाट पडतात. दहा मिनिटांचं तर काम आहे, आईसाठी तेवढा वेळ काढाच.

अर्धविराम:
त्यांना वेळ नाही म्हणतायत ना! गुडमारच्या कॅप्सूल घ्या. लेबलवर जिम्नेमिक आम्लाचं, म्हणजे गुडमारमधल्या मुख्य द्रव्याचं, प्रमाण छापलेलं असतं, साधारण २५ टक्के असलेला अर्क बघा. नुसतं 'पानांचं चूर्ण' लिहिलेलं असेल तर तो अर्क नव्हे. मी सगळ्यात महागातला घेतो, तब्येतीपुढे पैसा बघू नये. ताजं पान मिळालं तर चावून बघा, नंतर बराच वेळ साखर तोंडात वाळूसारखी लागते. माझं गोड त्यानेच सुटलं. १९९० सालचा अभ्यासही आहे, लोकांच्या गोळ्या सुटल्या होत्या.

दक्षिणोत्तर:
तो अभ्यास मी वाचलाय. मधुमेहाच्या नेहमीच्या प्रकारातले २२ जण, रोज ४०० मिग्रॅ अर्क, १८ ते २० महिने. त्यातल्या ५ जणांच्या गोळ्या थांबवता आल्या. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि माणसं मोजकीच. आशा वाटावी इतपत आहे, भरवसा ठेवावा इतपत नाही. कारल्याचंही तेच. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही आधी झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) चार चाचण्या मिळून ४७९ लोक होते, आणि निष्कर्ष निघाला की शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

वडाचीपारंबी:
बिबळ्याच्या लाकडाचा पेला घ्या. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. रस नको, गोळी नको, काही नको. माझा पहिला पेला मात्र रंगवलेल्या साध्या लाकडाचा निघाला, दोन महिने मी नुसतं रंगाचं पाणी प्यालो. अजून राग जात नाही. खऱ्या लाकडाचं पाणी तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की त्यावर निळसर झाक दिसते. रंग उतरेनासा झाला की पेला बदलायचा.

रानजाई:
बिब्बा पोटात घ्यायला सांगताय? अंगावर उठतो तो, फोड येतात!

वडाचीपारंबी:
बिबळा म्हणजे विजयसार. बिब्बा वेगळा. नीट वाचा ताई.

तिन्हीसांज:
पाणपोई, बाकीचं राहू दे, आधी हे वाचा. माझे वडील ग्लिमेपिराइडवर होते आणि आम्ही हौसेने कारल्याचा रस सुरू केला. नवव्या दिवशी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मला नावाने ओळखेनात. मीटरवर ५२. तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ७८ आली. तोवर माझे हातपाय गळाले होते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यात शुगर उतरवणारं आणखी काही घातलं की खड्डा पडतो. रसाचं आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. 'झाडाचंच तर आहे' असं वाटलं होतं.

रानजाई:
मला सहा वर्षांत असं एकदाही झालं नाही.

तिन्हीसांज:
तुमची गोळी कोणती?

रानजाई:
नुसतं मेटफॉर्मिन.

तिन्हीसांज:
मग बरोबर आहे. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा इतकी खाली जात नाही. यांच्या आईला दुसरी गोळी आहे.

अर्धविराम:
अवांतर: मेटफॉर्मिनचं मूळही झाडातच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात गॅलेजिन हे शुगर उतरवणारं द्रव्य सापडलं, त्याच्या नात्यातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते माणसांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा झाडपाल्याला नावं ठेवू नका.

दक्षिणोत्तर:
नावं कोण ठेवतंय? पण गॅलेजिन स्वतः विषारी ठरलं, म्हणून तर मेटफॉर्मिन लागलं. गोळीत किती औषध आहे ते ठाऊक असतं. कारल्याच्या रसात ते दर फळागणिक बदलतं.

उंबरठा:
कोणी दुधीचा रस सुचवायच्या आत सांगते. दुधी कडू लागला तर एक घोटही घेऊ नका. त्यातल्या कुकुर्बिटासिन या कडू, विषारी द्रव्यामुळे माणसं दगावली आहेत. कारल्यात मिसळला की कडूपणा कळतही नाही, म्हणून ते मिश्रण नकोच. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे अहवाल २०२१ मध्ये मुंबईतून आले होते. आयुष मंत्रालयाने ते मानले नाहीत, पण यकृत नाजूक असेल त्याने लांब राहावं. आणि 'आठवड्यात शुगर नॉर्मल' म्हणणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या घेऊच नका. अशा औषधांत ग्लायबेनक्लामाइड, म्हणजे शुगर उतरवणारं गोळीतलंच औषध, मिसळलेलं सापडलंय.

पानगळ:
वरचं सगळं वाचलं नाही. कारल्याचा रस, उपाशीपोटी. अनुभव आहे.

मोरपिसारा:
मेथीचं कोणीच बोललं नाही? भिजवलेल्या दाण्यांचा बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारा चोथा, त्याने जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. स्वस्त, आणि रात्री भिजत टाकलं की झालं. फक्त गोळ्या आणि मेथी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर विचारल्याशिवाय नको.

पाणपोई:
सगळ्यांचे आभार. तिन्हीसांज, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं, नवी गोळी लागून महिनाच झालाय. आत्ता आणखी काही घातलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. पुढच्या तपासणीपर्यंत काहीच नको, असं त्यांनी सुचवलं. मला पटलं होतं, आईला नाही. तिने जांभळाच्या बियांचं चूर्ण काढलं, तिची आई करायची तसं. इथे कोणी ते सुचवलंही नव्हतं! डॉक्टरांना पुन्हा फोन केला. दुपारच्या जेवणानंतर अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही, रोज मीटर, आणि आकडा ७० च्या खाली गेला की चूर्ण बंद आणि लगेच फोन, असं ठरलं. आठवडा झाला. उपाशीपोटी १३१, १२८, १३४, जवळपास आधी होते तेच. आई मात्र खुशीत आहे, रोजचा आकडा स्वतःच वहीत लिहिते.

तिन्हीसांज:
संध्याकाळी जेवणाआधीही मोजा. आमची उतरली ती दुपारनंतरच.

रानजाई:
जांभूळ ठीक आहे, पण कारलं ते कारलं.