विषय: लिव्हरपूलचा २०२४-२५ हंगाम, आणि सिनेमात न मावणारा फुटबॉल

नमस्कार मंडळी,

लिव्हरपूलच्या प्रीमियर लीग विजेतेपदाचं श्रेय सगळीकडे सालाहच्या नावावर जमा झालं. २९ गोल आणि १८ असिस्ट, म्हणजे गोल घडवणारे पास. ते श्रेय त्याचं आहेच. पण ८४ गुण कसे जमले हे समजून घ्यायचं तर मधल्या फळीतल्या ग्राव्हेनबर्खचा खेळ बघायला हवा.

२०२४च्या उन्हाळ्यात क्लबला रेआल सोसिएदादचा सुबिमेंडी हवा होता, तो आला नाही. संघात नवा माणूस आला तो एकटा किएझा. मग प्रशिक्षक स्लॉटने ग्राव्हेनबर्खला बचावफळीच्या पुढ्यात, सहा नंबरच्या जागेवर उभं केलं. तिथे तो नेमकं काय करतो? बचावपटू व्हॅन डाइक पास द्यायच्या बेतात असतो तेव्हाच हा खांद्यावरून एकदा मागे बघून घेतो, अंग तिरकं ठेवतो आणि चेंडू लांबच्या पायावर घेतो. चेंडू पोचतो तेव्हा तो निम्मा वळलेला असतो. अंगावर धावून येणारा माणूस त्याच्या पाठीमागे पडतो आणि समोर मोकळं मैदान असतं. हाच पास छाती आपल्या गोलकडे ठेवून घेतला, की परत मागे देण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याच जागेवर खेळणारा एन्डो प्रामाणिक खेळाडू आहे, आघाडी राखायला शेवटची १५ मिनिटं उत्तम. पण हे वळणं त्याच्या खेळात नाही.

टीव्हीवर यातलं निम्मंही दिसत नाही. तो मागे बघतो त्या क्षणी कॅमेरा चेंडूवर असतो. तिकीट मिळालं तर वरच्या मजल्यावरचं, गोलच्या मागचं घ्या. खेळाडूंमधली अंतरं तिथूनच कळतात.

– वि. का.

———

काका,

ग्राव्हेनबर्खबद्दल पूर्ण सहमत. पण मार्चमधले ते सहा दिवस वगळून हंगामाचा हिशोब पुरा होत नाही. ११ तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिसविरुद्ध (पीएसजी) १२० मिनिटं आणि वर पेनल्टी, १६ तारखेला वेम्ब्लीवर न्यूकॅसलशी लीग कपची फायनल. दोन्ही हातचे गेले.

पॅरिसशी दोन सामन्यांची लढत होती; त्यांच्याकडच्या पहिल्या सामन्यात आपण १-० जिंकलो ते अ‍ॅलिसनच्या नऊ बचावांमुळे आणि ८७व्या मिनिटाच्या एलियटच्या गोलमुळे. खेळ त्यांचाच होता. कारण तुम्ही सांगितलंत त्यातच आहे: डेम्बेले सेंटर फॉरवर्ड असूनही सारखा खाली उतरायचा, त्यामुळे मधल्या फळीत त्यांचे चार आणि आपले तीन. ग्राव्हेनबर्खला मागे बघायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या सामन्यात, आपल्या अ‍ॅनफिल्डवर, १२व्या मिनिटाला डेम्बेलेनेच गोल केला आणि पेनल्टीत नुन्येज व जोन्स दोघांचे फटके त्यांचा गोलकीपर डोनारुम्माने अडवले.

वेम्ब्लीवर वेगळंच दुखणं. आपण कॉर्नरला जागा राखून बचाव करतो: उंच खेळाडू गोलच्या तोंडाशी आपापली जागा धरतात आणि उरलेले दोघे-तिघे धावत येणाऱ्यांना अडवतात. यामागचं गणित असं, की लांबून मारलेल्या हेडरला जोर नसतो. न्यूकॅसलने नेमकं तिथेच बोट ठेवलं. दोन मीटर उंचीचा डॅन बर्न गर्दीत शिरलाच नाही, गोलपासून दूर राहिला. त्याच्या वाट्याला आलेला मॅक अ‍ॅलिस्टर वीतभराहून जास्तच बुटका. ट्रिपियरचा कॉर्नर थेट तिथे पडला, मिनिट ४५वं. व्हॅन डाइकला बर्नच्या मागे धाडलं असतं तर गोलचं तोंड उघडं पडलं असतं, तेव्हा तो उपाय नव्हे. बर्नच्या धावण्याच्या वाटेत सुरुवातीलाच दोन माणसं उभी करायची, म्हणजे त्याला उडी मारायला दोन पावलंही मिळाली नसती. हे मध्यंतराआधी बाकावरून सांगता आलं असतं, याची हळहळ अजून आहे.

– मे. ता.

———

काका, ताई,

कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो ही तक्रार सिनेमांनाही तंतोतंत लागू आहे.

‘मैदान’ (२०२४) बघताना हेच खटकलं. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं मोठेपण मांडणीत आणि सरावात होतं. हैदराबादमध्ये त्यांनी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या, फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा भरवल्या. १९६२च्या जकार्ता एशियाडला जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले, तर त्या कसलेल्या बचावपटूला त्यांनी सेंटर फॉरवर्ड केलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध १७व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, २०व्याला जर्नेल, सामना २-१. हा निर्णय का चालला हे कळायला कोरियाची बचावफळी आणि आपली आघाडी एकाच चौकटीत दिसायला हवी. सिनेमा बूट, घाम आणि चेहरे दाखवतो. सामन्यांचा थरार जबरदस्त आहे, अजय देवगणचं काम संयत आहे, पण रहीमसाहेबांची बुद्धी पडद्यावर येत नाही.

‘द ब्यूटिफुल गेम’ (२०२४) मध्ये ही अडचण आपोआप सुटते. तो होमलेस वर्ल्ड कप या बेघरांच्या स्पर्धेवर आहे: चार-चार खेळाडू, २२ बाय १६ मीटरचं मैदान, सात-सात मिनिटांचे दोन डाव, कडेनं फळ्या. सगळं मैदान एका चौकटीत मावतं, म्हणून पासची दिशा, रिकामी जागा, चूक कोणाची, सगळं दिसतं. कथा बेताची, फुटबॉल खरा.

‘झुंड’ (२०२२) याच खेळाशी जोडलेला. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या ‘स्लम सॉकर’ या झोपडपट्टीतल्या मुलांच्या फुटबॉल उपक्रमावर. तिथे झोपडपट्टीची पोरं आणि कॉलेजचा संघ यांच्यात पहिला मोठा सामना होतो तो भाग चोख. पण उत्तरार्धात नागराज मंजुळे फुटबॉल सोडून कागदपत्रांकडे वळतात. ओळखीच्या पुराव्यासाठी बाप-लेकीची वणवण आणि डॉन नावाच्या पोराचा पासपोर्ट. मला तो भाग सामन्याहून सरस वाटला. मैदानापर्यंत पोचणं हाच तिथला सामना आहे.

आपल्या इंग्लंडमधल्या मंडळात फुटबॉलवरचा एखादा सिनेमा दाखवायचा तर ‘झुंड’ दाखवावा.

– नि.

———

‘झुंड’ला माझा दुजोरा. फक्त ‘मैदान’ निमित्तानं एक नाव राहून जाऊ नये: नेव्हिल डिसोझा. मुळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळला. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना त्याने हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमधली आशियाई खेळाडूची पहिली. प्रशिक्षक रहीमच. सिनेमा दाखवण्याआधी मुलांना एवढं जरूर सांगा.

आता कामाचं. घरच्या स्ट्रीमिंगच्या वर्गणीवर हॉलमध्ये सिनेमा दाखवता येत नाही, तिकीट नसलं तरी. इंग्लंडमध्ये सिनेमा सार्वजनिकरीत्या दाखवायचा वेगळा परवाना लागतो आणि तो त्या-त्या सिनेमाच्या वितरकाकडून किंवा त्याच्या एजंटाकडून घ्यावा लागतो. हॉल ठरवण्याआधी परवान्याचं विचारा. हिंदी सिनेमांचे इथले हक्क कोणाकडे आहेत हे शोधण्यातच वेळ जातो. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे. मध्यंतर आणि चहा धरून हॉल चार तासांसाठी घ्या, आणि लीगचं वेळापत्रक जाहीर झाल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

– मे. ता.