शब्दचर्चा: ‘टोकन’ पात्राला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलकरीण: कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी जुन्या अमेरिकन टीन कॉमेड्यांवर, म्हणजे शाळकरी पोरांच्या विनोदी सिनेमांवर लिहितेय. २००१ च्या ‘नॉट अनदर टीन मूव्ही’त एक कृष्णवर्णीय मुलगा सरळच सांगतो की मी इथला ‘टोकन’, म्हणजे गोऱ्यांच्या घोळक्यात दाखवायला ठेवलेला एक: हसायचं, कुणाच्या बोलण्यात पडायचं नाही, अधूनमधून एखादा उद्गार काढायचा. अशा सिनेमांची टिंगल करणारा सिनेमा आहे, म्हणून त्याला हे बोलता येतं. पण ‘टोकन’ला काय लिहू? मला तर बँकेतला पितळी बिल्लाच दिसतो.

फोंडेकर: लाक्षणिक. टोकन स्ट्राइकला पेपरवाले लाक्षणिक संपच लिहितात.

पेडण्याचे मास्तर: संपाला चालेल, माणसाला नको. ‘अख्खा गाव जत्रेला लोटला’ म्हणतो तेव्हा घरं उठून जात नाहीत, ती लक्षणा. ‘लाक्षणिक पात्र’ वाचून वाचक रूपक शोधत बसेल. शिवाय लाक्षणिक उपोषणाला माणूस स्वतःहून बसतो. याला बसवलंय. ‘नावापुरतं पात्र’ लिहा.

फोंडेकर: आमच्या घरी कोकणीत ‘नांवापुरतो’ म्हणतात खरे.

डिचोलकरीण: मग १९८४ च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मधला लाँग डुक डाँग? तो नावापुरता नाही, चांगला भरपूर दिसतो. त्याचं नाव हाच विनोद, आणि तो आला की मागे घंटेचा टोला पडतो! नट गेडी वाटानाबे जन्माने अमेरिकन, जपानी वंशाचा. ते तोडकंमोडकं इंग्रजी निव्वळ भूमिकेसाठी.

म्हापशेकर: तो आपल्या जुन्या नाटकातला मालवणी बोलणारा रामागडी. तोंड उघडलं की हशा, आणि गोष्ट भलत्याचीच. हिंदी पडद्यावरचा गोव्याचा ख्रिस्तीही तसाच: हातात बाटली आणि वाक्याच्या शेवटी ‘मॅन’. लहानपणी आम्हीही हसायचो, शेजारच्या घरात तसं कुणी बोलत नव्हतं तरी.

पेडण्याचे मास्तर: बरोबर. विनोदी पात्र निराळं आणि हास्यास पात्र निराळं. लाँग डुक डाँग दुसऱ्यात.

फोंडेकर: लेखाला शीर्षक ‘टीन कॉमेड्यांतील प्रतिनिधित्व’?

पेडण्याचे मास्तर: नको हो. प्रतिनिधी कुणीतरी पाठवावा लागतो. आपल्या गोव्याच्या विधानसभेत ४० जण आहेत, ते बरेवाईट कसेही असोत, मतं घेऊन गेलेत. या पोराला कुणी निवडून दिलं? ‘चित्रण’ म्हणा. आणि ‘ब्रेकफास्ट क्लब’मध्ये (१९८५) शिक्षेला बसलेली पाचही मुलं गोरी, तिथे चित्रणाचाही प्रश्न येत नाही. तिथे साधं ‘कुणी नाही’ लिहावं.

डिचोलकरीण: शेवटी आईला विचारलं. ती बांगडे तळत होती. सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे तोंडी लावण्यापुरता ना?” मी तेच घेतेय. जेवणारा कोण, हेही त्यात आलं. ‘क्लूलेस’मधली (१९९५) डायोन यात बसत नाही, नायिकेची मैत्रीण असली तरी तिचा स्वतःचा मित्र आहे, त्याच्याशी तिची स्वतःची भांडणं आहेत.

म्हापशेकर: झकास! आईंना नमस्कार सांगा. पण ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’मधल्या (१९९९) कृष्णवर्णीय शिक्षकाचं काय करणार? दिसतो थोडाच वेळ, पण काळ्या लेखकाचं पुस्तक वर्गात का नाही, हे तोच काढतो. त्याला तोंडी लावणं म्हणवत नाही मला.

डिचोलकरीण: थांबा, तो प्रसंग परत बघते.