हॅम रेडिओवर आरटीटीवायचे (रेडिओ टेलिप्रिंटर) सूर ऐकू येतात, वॉटरफॉलवर (सिग्नलच्या चित्रात) दोन रेघा दिसतात, पण स्क्रीनवर नुसती गिचमीड

नवा_हॅम
नमस्कार मंडळी. आठ महिने एफटी-८ (कॉम्प्युटरने छोटे ठराविक संदेश पाठवायची पद्धत) करतोय, ते व्यवस्थित चालतं. मागच्या शनिवार-रविवारी २० मीटरवर १४.०८० च्या वर सगळीकडे ते दोन सुरांचं टुरटुर ऐकू यायला लागलं, कळलं की आरटीटीवायची कॉन्टेस्ट (जास्तीत जास्त संपर्क करायची स्पर्धा) चालू आहे. एमएमटीटीवाय हे आरटीटीवायचं सॉफ्टवेअर टाकलं, साउंड कार्ड तेच ठेवलं, दोन रेघांवर नीट ट्यून केलं, सिग्नल चांगला एस-९ म्हणजे जोरदार आणि तरी एक शब्द धड येत नाही, नुसती अक्षरं सांडल्यासारखी. स्पीड ४५.४५ बॉड आहे, शिफ्ट (दोन सुरांमधलं अंतर) १७० हर्ट्झ आहे. काय राहिलंय?

जुनी_रिग
रिग (रेडिओ सेट) अपर साइडबँडवर, म्हणजे ऑडिओ डायलच्या वरच्या बाजूला ठेवणाऱ्या मोडवर आहे ना अजून? एफटी-८ वरून आलेल्या बहुतेकांचं इथेच अडतं. साउंड कार्डवरून आरटीटीवाय करताना रिवाज लोअर साइडबँडचा. दोन सुरांना मार्क आणि स्पेस म्हणतात. ऑडिओत मार्क २१२५ हर्ट्झ आणि स्पेस २२९५, म्हणजे मार्क खाली, पण हवेत मार्क वर असायला हवा, आणि लोअर साइडबँड सूर उलटे करतो म्हणून ते बरोबर जमतं. अपरवर ऐकलंस की मार्कचा स्पेस होतो. आता प्रत्येक अक्षर सुरू होतं स्पेसच्या स्टार्ट बिटने आणि संपतं मार्कच्या स्टॉप बिटने, तेच उलटले तर अक्षर कुठे सुरू झालं हेच सॉफ्टवेअरला कळत नाही, मग सिग्नल कितीही जोरात असो. एलएसबी (लोअर साइडबँड) कर, नाहीतर सॉफ्टवेअरमधलं सूर उलटे करणारं रेव्ह बटण दाब. दोन्ही एकदम नको, परत उलटं होईल.

नवा_हॅम
दादा, एलएसबी केलं आणि पहिल्याच स्टेशनचं सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) अख्खं उमटलं!! खूप आभार. आता एकच, मधेच कुणीतरी ५९९ (सिग्नल उत्तम असल्याचा रिपोर्ट) च्या जागी टीओओ पाठवतंय, पुढे पीपीक्यू. हा कुठला कोड आहे का?

खटखट_खोली
वेगळा कोड नाही, ते ५९९ ००१ च आहे, रिपोर्ट आणि पुढे त्याचा संपर्क नंबर. आरटीटीवायची बॉडो लिपी पाच बिटांची, म्हणजे फक्त ३२ जागा, त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही बसत नाहीत म्हणून एकच खूण दोन्हीसाठी वापरतात, आणि 'आता आकडे' किंवा 'आता अक्षरं' हे सांगायला वेगळी शिफ्टची खूण जाते. ती एक खूण स्टॅटिकमध्ये गेली की पुढचे आकडे अक्षरं होऊन येतात. कीबोर्डची वरची ओळ बघ, ५ च्या खाली टी, ९ च्या खाली ओ, ० च्या खाली पी, १ च्या खाली क्यू. जुन्या टेलिप्रिंटरची हीच मांडणी. चार दिवसांत टीओओ डोळ्यांना ५९९ च दिसायला लागतं, आणि यूई दिसलं तर तो ७३, म्हणजे निरोपाच्या शुभेच्छा म्हणतोय.
अनशिफ्ट ऑन स्पेस (मोकळी जागा आली की आपोआप अक्षरांवर परत येणं) चालू ठेव. आणि स्वतःचा मॅक्रो (एका बटणावर जाणारा तयार मजकूर) करताना ५९९ आणि नंबर यांच्यात डॅश नको, मोकळी जागा सोड, म्हणजे शिफ्टची खूण जागेनंतर परत जाते आणि एक हुकली तरी दुसरी पोचते. डॅशवाले खूप आहेत, माझं मत मात्र पक्कं आहे.

पॉवर_कमी_ठेवा
ट्रान्समिट करायच्या आधी हे वाच, कळकळीने सांगतोय. आरटीटीवायमध्ये पाठवत असताना कॅरियर (रेडिओ लहर) पूर्ण वेळ पूर्ण पॉवरला चालू असतो, बोलण्यासारखे श्वास नसतात आणि कॉन्टेस्टमध्ये एफटी-८ सारखी पंधरा सेकंदांची विश्रांती पण मिळत नाही. मी पहिल्या कॉन्टेस्टला १०० वॉटची रिग पूर्ण पॉवरला लावली, रात्री दोनच्या सुमाराला हीटसिंकला हात लावता येईना आणि थोड्या वेळात आउटपुट शून्य, पॉवर देणारे फायनल ट्रान्झिस्टर गेले. आता ४० च्या वर जात नाही. स्पीच कम्प्रेसर बंद, आणि साउंड कार्डची लेव्हल एवढीच की एएलसीची (ट्रान्समिटरला जास्त ऑडिओ जातोय का ते दाखवणारी) सुई जेमतेम हलेल न हलेल. लेव्हल जास्त झाली की सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो आणि शेजारच्या तीन जणांचे क्यूएसओ (रेडिओ संपर्क) बुडतात. सूर २१२५ च्या आसपासचे उंचच ठेव, कारण ऑडिओ बिघडला की सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीही निघते; २१२५ ची दुप्पट ४२५०, ती रिगच्या एसएसबी (साइडबँड) फिल्टरच्या बाहेर पडते, ९०० वगैरे ठेवलंस तर दुप्पट आतच राहते.

जुनी_रिग
एक राहिलं. एलएसबीवर डायल १४०८५ दाखवत असेल तर तुझा मार्क खरा १४०८२.८७५ वर आहे. रिगच्या एफएसके मोडमध्ये (रिग स्वतःच दोन सूर तयार करते) बहुतेक रिग सरळ मार्कच दाखवतात. क्लस्टरवर (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते कळवायची ऑनलाइन यादी) स्पॉट टाकताना हे २.१२५ किलोहर्ट्झ वजा कर, नाहीतर लोक दोन किलोहर्ट्झ वर शोधत बसतात.

नवा_हॅम
४० वॉट, एएलसी शून्य, आत्ता पहिला क्यूएसओ झाला! समोरच्याने शेवटी यूई पाठवलं आणि मला वाचता आलं.