२१ जानेवारी १९१९ : म्हणे, आयर्लंड मतपेटीतून सुटलं!

शंकासुर
काल एका महाशयांनी लिहिलं, "आयरिशांनी त्या दिवशी संसद भरवली आणि इंग्रज नमले, गोळी झाडावी लागलीच नाही." वाचून डोकं फिरलं. डब्लिनच्या मॅन्शन हाउसात पहिली डॉइल, म्हणजे ती आयरिश संसद, भरली, त्याच दिवशी टिपरेरीत सोलोहेडबेगला डॅन ब्रीन, शॉन ट्रेसी आणि बंडखोर मंडळींनी खाणीकडे निघालेली जेलिग्नाइटची (सुरुंगाच्या स्फोटकाची) गाडी अडवून दोन पोलीस मारले. हे सोयीस्कर गाळायचं? आणि डॉइलमध्ये तरी होतं कोण? स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने ७३ जागा जिंकलेल्या, हजर २७. पक्षाचा नेता डी व्हॅलेरासकट बरेचसे तुरुंगात.

सनदशीर
ते महाशय मीच. गोळीचं वाक्य अतिउत्साहात गेलं असेल, पण ब्रीन कंपनीला डॉइलने पाठवलं नव्हतं, हे तुम्हीही गाळलंतच की! इंग्रजांचा कारभार ढिला पडला तो डॉइलची न्यायालयं, कर्जरोखे आणि १९२० मध्ये तिच्याकडे वळलेल्या काउंटी कौन्सिलांमुळे. पोथ्या वाचा जरा.

लिफीकाठी
इथे आयर्लंडात राहतो म्हणून लिहितो. माझ्या घरमालकीणबाईंचे पणजोबा त्याच पोलीस दलात. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. सोलोहेडबेगला मेलेले दोघेही आयरिश कॅथलिकच होते, त्यातला एक विधुर, पदरी पोरं. तुमचा 'इंग्रजांशी लढा' त्यांच्या घरी सांगून बघा.

शंकासुर
रडकथा ऐकली. मुद्दा?

बेळगावकर_काकू
अवांतर : टिळकांनी होमरूल लीग काढली आमच्या बेळगावात, एप्रिल १९१६. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये पूर्ण स्वातंत्र्यासाठी ईस्टरचं सशस्त्र बंड! आपण होमरूल उचललं तेव्हा तिकडे ते शिळं व्हायला लागलं होतं.

सनदशीर
टिळकांना शिळं म्हणताय? बेझंटबाईंच्या लीगचं काय मग?

बेळगावकर_काकू
टिळकांना नाही, होमरूलला! डोळे तपासून घ्या.

नुसता_वाचक
'आमच्या' बेळगावात? सध्या कुठल्या राज्यात येतं ते?

बेळगावकर_काकू
तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढचं बोलायचं तर रात्र पुरणार नाही. या, बोलू.

लिफीकाठी
झालं! आयर्लंड बुडालं सीमाप्रश्नात.

शंकासुर
काकू, जरा थांबा. सनदशीरराव, त्या ७३ जागा नसत्या तर ब्रीनला नुसता दरोडेखोर म्हटलं असतं, एवढं देतो. पेढे वाटा. पण तुमच्या ठरावांमागे पुढे बंदूक उभी राहिली नसती, तर १९२१ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज बोलणी करायला बसला असता का, ते सांगा.

सनदशीर
बंदुकीशी नाही, निवडून आलेल्यांशी बोलायला बसला.

नुसता_वाचक
काकू, आहात ना?