म्हशीच्या दुधातील लॅक्टोपेरॉक्सिडेझ कॉलमवर हरवते कुठे?

प्रश्न
मी कोल्हापुरात जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी दुधातील लॅक्टोपेरॉक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) वेगळे करायचे आहे, म्हणून गंगावेशीच्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणून, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साय काढली, सामू ४.६ वर आणून केसीन बसवले आणि निवळीचा सामू पुन्हा ७ करून, बर्फावर ढवळत, प्रथिने खाली बसवणारे अमोनियम सल्फेट चिमटीचिमटीने घातले. बसलेला साका फॉस्फेट बफरमध्ये रात्रभर डायलिसिसला (पडद्यातून क्षार निघून जाण्यासाठी) ठेवला. बुरशी धरू नये म्हणून बफरमध्ये ०.०२ टक्के सोडियम अ‍ॅझाइड होते. डीईएई-सेल्युलोज या, भारानुसार प्रथिने धरून ठेवणाऱ्या भरावाच्या कॉलमवर मिठाचे प्रमाण चढवत नेल्यावर २८० नॅनोमीटरला (जेथे प्रथिने प्रकाश शोषतात) दोन ठसठशीत शिखरे मिळाली, पण एबीटीएसचा (हे विकर काम करत असेल तर रंग बदलणाऱ्या रसायनाचा) हिरवा रंग एकाही नळीत उमटला नाही. न चिकटता वाहून आलेल्या पहिल्या द्रावातही नाही. मूळ निवळीत मात्र तो डोळ्यांदेखत येत होता.

उत्तर १
या प्रथिनाचा समविद्युत बिंदू (ज्या सामूला प्रथिनावरचा निव्वळ भार शून्य असतो तो) ९ च्या वर आहे, म्हणजे सामू ७ ला त्यावर धनभार असतो आणि डीईएईवरही धनभारच असल्यामुळे ते तेथे चिकटणारच नाही. आपली दोन शिखरे बहुधा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनची असावीत. ऋणभार असलेले सीएम-सेल्युलोज वापरा. पहिला द्राव फेकलेला नसावा, अशी आशा आहे. आमच्याकडे एकाने तो बेसिनमध्ये ओतून महिन्याचे काम घालवले होते.

उत्तर २
वरील म्हणणे योग्यच आहे, परंतु त्या द्रावात रंग का आला नाही, याचे कारण अ‍ॅझाइड आहे. ते जंतूंना रोखते तसेच हीम (लोहयुक्त रंगद्रव्य) असलेल्या पेरॉक्सिडेझलाही रोखते, त्यामुळे या कामात ते कोठेही नको. चार अंशांवर एका रात्रीत बुरशी येत नाही. तूर्त रंगावर विसंबू नका, ४१२ नॅनोमीटरला हीमचे शोषण पाहा. शुद्ध लॅक्टोपेरॉक्सिडेझमध्ये ४१२ आणि २८० यांचे गुणोत्तर ०.९ च्या आसपास असते.

प्रश्नकर्ती
द्राव फ्रीजमध्ये होता आणि त्यात ४१२ ला उंचवटा स्पष्ट दिसला. काल ताज्या दुधापासून, अ‍ॅझाइड न घालता, सर्व पुन्हा केले. सीएम-सेल्युलोजच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढा हिरवट-तपकिरी पट्टा बसला, मिठाबरोबर खाली उतरला आणि त्याच नळ्यांत एबीटीएस हिरवे झाले. गुणोत्तर अजून ०.४ च आहे, म्हणून सोमवारी रेणूंच्या आकारानुसार प्रथिने वेगळी करणारा सेफाडेक्स जी-१०० चा कॉलम भरणार आहे.