आयबीएससाठी हिप्नोथेरपी: कोणी केलीये का?

सायली_के
मला 6 वर्षांपासून आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासणीत काही सापडत नाही पण पोट सारखं बिघडतं) आहे. कोलोनोस्कोपीसकट सगळं नॉर्मल, गहू-दूध बंद करून झालं, इसबगोलाचे डबे संपले, तरी एसटीत बसायचं म्हटलं की पोटात मुरडा येतोच, पुणे-कोल्हापूर रस्त्यावर टॉयलेट कुठे कुठे आहे ते मला तोंडपाठ आहे. आता पोटाचे डॉक्टर म्हणतात हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहनाचे उपचार, करून बघा. म्हणजे मनाचे खेळ आहेत असं सुचवतायत का ते? सासूबाईंनी लगेच गॅदरिंगमधल्या जादूगाराने हेडसरांना कोंबड्यासारखं आरवायला लावलं ती गोष्ट सांगितली. खरंच झोपवतात का? नवऱ्याला वेगळीच काळजी, एटीएमचा पिन बोलून बसशील म्हणे.

पोटोबा
मी केलीये, 9 सेशन झाली. झोप वगैरे काही लागत नाही हो, बाहेर रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. पुस्तकात घुसलो की बायको दोनदा हाक मारते आणि आपल्याला पत्ता नसतो ना, साधारण तसं. नको असेल तर डोळे उघडून उठता येतं, पिन सुरक्षित आहे.
मनाचे खेळ नाहीत, पण आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा फार हळव्या झालेल्या असतात, दुसऱ्याला कळणारही नाही एवढा गॅस आपल्याला कळ म्हणून जाणवतो आणि मग टेन्शनने अजून वाढतो. माझ्या थेरपिस्ट बाई आधी श्वास, मग अंग सैल, मग पोटावर हात ठेवून ऊब आत पसरतेय, नदी संथ वाहतेय असं बोलायच्या. पहिल्या वेळी मला हसू आलं. रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं, खरं काम तिथेच होतं, मी आठवडाभर आळस केला की लगेच फरक पडायचा. बरा झालो म्हणणार नाही, पण गेल्या महिन्यात लग्नाच्या पंगतीत बसून जेवलो.

मांडवीकाठ
हा विषय आमच्या गोव्याचा आहे बरं का! आबे फारिया नावाचा पाद्री, 1756 चा जन्म, गोव्यातल्या कांदोळीचा. पॅरिसमध्ये 1813 पासून प्रयोग करून दाखवायचा. तेव्हा लोक समजत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकी द्रव समोरच्यात जातो, हा म्हणाला काही जात नाही, जे होतं ते त्या माणसाच्या स्वतःच्याच मनात होतं. आजही तज्ज्ञ जवळपास हेच सांगतात. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ पुतळा आहे, हात पसरलेला फारिया आणि खाली कलंडणारी बाई. पर्यटक त्याला मांत्रिक समजून फोटो काढतात, काय बोलणार.

चिकित्सक_चिंगी
सायलीताई, डॉक्टरांनी थापा मारल्या नाहीयेत. आयबीएसवरचा गाजलेला अभ्यास 1984 चा, मँचेस्टरचा, 30 पेशंटचा, म्हणजे छोटाच, पण नंतर बरंच काम झालं, आणि 12 महिने औषधांनी फरक पडला नाही तर याचा विचार करा असं ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनमध्येही आहे. दुखणं आणि ऑपरेशनआधीची भीती यातही उपयोग होतो, बेल्जियममध्ये लिएजला 1992 पासून काही ऑपरेशनं हिप्नोसिस, लोकल भूल आणि थोडं गुंगीचं औषध एवढ्यावर करतात. सिगारेट सोडवण्याबद्दल मात्र पुरावा कच्चाच आहे, जाहिरातीत काहीही लिहू देत. आणि सगळ्यांना सारखं लागूही होत नाही, काही लोक पटकन त्या अवस्थेत जातात, काही ढिम्म.
फक्त एक, जो पूर्वजन्म दाखवतो म्हणेल किंवा लहानपणी विसरलेलं बाहेर काढतो म्हणेल तिथून चप्पल घालून निघा. त्या अवस्थेत खोट्या आठवणी तयार होतात आणि माणसाला त्या शंभर टक्के खऱ्या वाटतात, त्यातून नाती तुटतात. सायकोलॉजीची डिग्री किंवा एमडी सायकियाट्री बघा, वीकेंड कोर्सचं सर्टिफिकेट नको. वजन उतरत असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. भास होत असतील त्यांनी तर परस्पर करूच नये.

सायली_के
धन्यवाद सगळ्यांना. रक्त वगैरे काही नाही. एका ठिकाणी फोन केला तर पहिल्याच मिनिटाला 'मागच्या जन्मीचं पॅकेज' सांगितलं, ठेवला फोन. आता डॉक्टरांनाच नाव विचारते. पोटोबा, सेशन व्हिडिओ कॉलवर चालतं का हो? तिथवर जायलाही बसच आहे.

पोटोबा
माझी शेवटची 4 व्हिडिओवरच झाली. मोबाइल सायलेंट करा आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवा, माझ्या वेळी आई मध्येच चहा घेऊन आली होती.